म्युऑनचा माग

परळी वैजनाथाच्या देवळात, बीडच्या बसस्थानकावर, ऊसतोडीच्या फडातल्या कोपीत, कुठेही असा. तळहात आभाळाकडे करून धरा. दर सेकंदाला साधारण एक कण त्या तळहातातून आरपार जातो. टोचत नाही, गरम लागत नाही, सावली पाडत नाही. तळहातानंतर तो फरशीतून जातो, फरशीखालच्या मुरमातून जातो आणि मग काळ्या खडकात काही मीटर उतरून थांबतो. रात्रभराच्या झोपेत असे लाखो कण तुमच्या अंगातून गेलेले असतात. पाचटाचं छप्पर असो की सिमेंटचा स्लॅब, त्यांना सारखंच. पाऊस बीडवर वर्षाआड रुसतो. या कणांचा वर्षाव मात्र पृथ्वीवर माणूस यायच्या आधीपासून एक दिवसही खंडलेला नाही.

या कणाचं नाव म्युऑन. सगळ्या बाबतींत तो इलेक्ट्रॉनचा भाऊ. तेवढाच विद्युतभार, तशीच वागणूक. फरक दोनच. वजनाने तो इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०७ पट भारी आहे, आणि त्याचं सरासरी आयुष्य आहे जेमतेम २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे दोनएक दशलक्षांश भाग. एवढ्यात तो फुटून संपतो.

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत जमिनीखाली शंभर मीटरवर एक चौदा हजार टनांचं यंत्र बसवलेलं आहे. या म्युऑनवर नजर ठेवणं हे त्याचं एक मुख्य काम, म्हणून त्याच्या नावातच म्युऑन आहे: कॉम्पॅक्ट म्युऑन सोलेनॉइड, थोडक्यात सीएमएस. त्या यंत्राचे काही महत्त्वाचे भाग मुंबईत, कुलाब्याला आणि तुर्भ्याला तयार झाले. बीडच्या आभाळातून पडणारा कण आणि जिनिव्हाच्या बोगद्यात धडकेतून उडणारा कण यांत कणभरही फरक नाही. तेव्हा बीडपासून निघून या एकाच कणाचा माग काढत गेलं, तर आधुनिक कणभौतिकीचा बराचसा प्रदेश पाहून होतो.

मेलेला कण जमिनीवर कसा पोचतो?

अंतराळातून पृथ्वीवर सतत वेगवान कण येऊन आदळतात. त्यांतले बहुतेक प्रोटॉन. व्हिक्टर हेस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९१२ साली फुग्यातून पाच किलोमीटरच्या वर जाऊन त्यांचा पत्ता लावला. असा एखादा प्रोटॉन हवेतल्या नायट्रोजनच्या किंवा ऑक्सिजनच्या अणुकेंद्रकावर आपटला की त्यातून नवे कण उडतात, ते फुटून आणखी कण होतात आणि एका प्रोटॉनमागे कणांची मोठी सर खाली उतरते. म्युऑन या सरीतच जन्मतो, आपल्या डोक्यावर साधारण पंधरा किलोमीटर उंचीवर. १९३६ साली कार्ल अँडरसन आणि सेथ नेडरमायर यांना तो पहिल्यांदा सापडला.

आता साधा हिशेब करा. प्रकाशाच्या वेगाने धावणारी वस्तू २.२ मायक्रोसेकंदांत किती जाईल? सुमारे ६६० मीटर. पंधरा किलोमीटर म्हणजे अशी बावीस-तेवीस आयुष्यं. या हिशेबाने वर जन्मलेल्या शेकडो कोटी म्युऑनांपैकी एखादाच बीडला पोचायला हवा. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक तळहातावर दर सेकंदाला एक हजर!

हिशेब चुकला नाही. घड्याळ वेगळं आहे. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार प्रकाशवेगाच्या जवळ धावणाऱ्या वस्तूचा काळ आपल्या दृष्टीने मंद चालतो. जमिनीवर येणाऱ्या सरासरी म्युऑनचं घड्याळ आपल्यापेक्षा तीस-चाळीसपट संथ असतं. म्हणून आपल्या हिशेबाने तो तेवढा जास्त जगतो. म्युऑनच्या बाजूने पाहिलं तर त्याचं आयुष्य आहे तेवढंच, पण पंधरा किलोमीटरचं अंतर आकसून चार-पाचशे मीटरवर आलेलं असतं. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येतं, की तो खाली पोचतो. ‘सापेक्षता सिद्धांताचा रोजच्या जगण्याशी काय संबंध?’ असं कुणी विचारलं, तर त्याला तळहात पुढे करायला सांगावं.

या कणांचं फुटणं हा काळाच्या मंदावण्याचा थेट पुरावा ठरेल, हे १९३८ साली लिहून दाखवणारा तरुण मुंबईचा होता. होमी भाभा तेव्हा केंब्रिजला होते. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर वैश्विक किरणांतल्या इलेक्ट्रॉनांची सर कशी वाढत जाते याचं गणित मांडलं होतं. १९४१ मध्ये ब्रूनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी अमेरिकेत डोंगरमाथ्यावरचे आणि खालचे म्युऑन मोजून काळ खरोखरच मंदावतो हे दाखवलं.

दार्जिलिंगच्या काचा आणि कोलारची खाण

भारतात या कणांच्या शोधाला कोट्यवधींची यंत्रं नव्हती. बिभा चौधुरी आणि त्यांचे मार्गदर्शक देबेंद्र मोहन बोस यांनी १९३८ नंतर दार्जिलिंगच्या परिसरात, हिमालयाच्या उंचीवर, फोटोच्या काचा महिनोन्‌महिने ठेवल्या. त्या काचांवरच्या लेपातून कण गेला की ठिपक्यांची रेघ उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली ती मोजायची आणि रेघेच्या वाकण्यावरून कणाचं वजन काढायचं. त्यांचे निष्कर्ष ‘नेचर’मध्ये छापून आले. महायुद्धामुळे अधिक चांगल्या काचा मिळेनात आणि काम तिथेच अडलं. पुढे त्याच पद्धतीने, सुधारलेल्या काचा वापरून, सेसिल पॉवेल यांनी पायॉन कण शोधला आणि १९५० चं नोबेल मिळवलं. बिभा चौधुरींना १९४९ मध्ये भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये आणलं. त्या संस्थेतल्या त्या पहिल्या महिला संशोधक.

टीआयएफआरची स्थापना १९४५ ची. ही संस्था आभाळाकडे पाहत होती तशीच जमिनीच्या पोटातही उतरली. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल तिची उपकरणं लागली. इतक्या खोलवर वरून येणारे म्युऑन जवळजवळ संपतात. तरीही १९६५ साली तिथे म्युऑनच्या रेघा दिसल्या आणि त्या आडव्या येत होत्या. आडव्या दिशेने इतका खडक म्युऑनला पार करता येत नाही. मग हा म्युऑन खडकातच जन्मलेला असणार, आणि त्याला जन्म देणारा कण होता न्यूट्रिनो, जो अख्खी पृथ्वी ओलांडूनही सहसा कुणाला धक्का लावत नाही. वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो माणसाला पहिल्यांदा दिसले ते असे, म्युऑनच्या साक्षीने. जपानमधलं ओसाका, इंग्लंडमधलं डरॅम आणि मुंबईची टीआयएफआर यांचा तो संयुक्त प्रयोग होता. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीतही तसाच शोध लागला.

आभाळ फुकट देत असताना बोगदा कशाला?

इथे एक रास्त शंका येते. वैश्विक किरणांतले काही कण तर जिनिव्हाच्या यंत्रातल्या कणांपेक्षा कितीतरी पट जास्त ऊर्जेचे असतात. फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी सत्तावीस किलोमीटरचा बोगदा का खणायचा?

कारण आभाळ देतं ते त्याच्या मर्जीने. कुठला कण, किती ऊर्जेचा, कुठे, कधी पडेल, काही सांगता येत नाही. मोठ्या ऊर्जेचे कण तर इतके विरळ, की एका चौरस किलोमीटरवर वर्षानुवर्षं एखादाच यायचा. प्रयोगाला हवी असते ठरलेली जागा, ठरलेली वेळ, ठरलेली ऊर्जा आणि पुन्हा पुन्हा तेच करून पाहण्याची सोय. शिवाय धडक समोरासमोरची असेल तर दोन्ही कणांची सगळी ऊर्जा नवे कण घडवायला मिळते. एक स्थिर आणि एक धावता असेल तर बरीचशी ऊर्जा ढिगाऱ्याला पुढे ढकलण्यातच जाते. कोलायडर बांधतात तो यासाठी.

फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेखालचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर हा २७ किलोमीटर घेराचा आहे. त्यात प्रोटॉनांचे दोन झोत विरुद्ध दिशांनी सेकंदाला सुमारे ११ हजार फेऱ्या मारतात. झोत सलग नसतो. त्यात अडीच हजारांहून अधिक पुंजके असतात आणि एकेका पुंजक्यात शंभर अब्जांवर प्रोटॉन. त्यांना वळणावर ठेवण्यासाठी १२३२ मोठे विद्युतचुंबक आहेत, प्रत्येकी १५ मीटर लांब आणि सुमारे ३५ टन वजनाचे. आत द्रवरूप हेलियम खेळवून त्यांचं तापमान उणे २७१ अंशांवर ठेवलेलं असतं. अंतराळातल्या रिकाम्या जागेपेक्षाही ते थंड.

३५ टनांचं धूड केसाच्या जाडीहून कमी फरकाने सरळ रेषेत बसवायचं आणि तिथेच ठेवायचं, तर खाली टेकू तसाच हवा. असे टेकू, म्हणजे अचूक जुळवणी करणारे जॅक, भारताने दिले. एकेका चुंबकाखाली तीन, इतर चुंबकांसह सगळे मिळून ६८०० च्या आसपास. त्यांची रचना आणि देखरेख इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राची. परळीच्या वैजनाथ मंदिराचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला हे बीडकरांना सांगायला नको. त्याच होळकरांच्या इंदुरातून हे टेकू जिनिव्हाला गेले, आणि आज त्यांच्यावर जगातलं सर्वांत मोठं यंत्र तोललेलं आहे. सर्नशी भारताचा औपचारिक करार १९९१ पासूनचा. २००२ मध्ये भारत निरीक्षक झाला आणि २०१७ मध्ये सहयोगी सदस्य.

कुलाब्याची फरशी, तुर्भ्याची पेटी

झोत जिथे एकमेकांना छेदतात तिथे डिटेक्टर असतात. सीएमएस हा त्यांपैकी एक. पंधरा मीटर व्यासाचा, थरावर थर चढवलेला आडवा पिंप. धडक मध्यभागी होते आणि कण चहूबाजूंनी बाहेर पडतात. प्रत्येक थराचं काम वेगळं.

सर्वांत आतला थर सिलिकॉनचा. त्यातून विद्युतभारित कण गेला की नेमक्या जागी नोंद होते, आणि नोंदी जोडून त्याचा मार्ग काढता येतो. हा थर एका मोठ्या चुंबकाच्या वेटोळ्यात, पृथ्वीच्या सुमारे एक लाख पट तीव्र चुंबकीय क्षेत्रात असल्यामुळे तो मार्ग वाकतो. कमी वाकला तर संवेग जास्त, जास्त वाकला तर कमी. त्याबाहेर लेड टंगस्टेटचे ७५ हजारांहून अधिक स्फटिक. इलेक्ट्रॉन आणि प्रकाशकण त्यांत विरून जातात आणि जाताना आपली ऊर्जा उजेडात सांगून जातात. त्याबाहेर पितळ आणि प्लास्टिकचे थर. तिथे प्रोटॉन, पायॉन यांसारखे कण अडतात. टोकांकडच्या पितळासाठी रशियन नौदलाच्या दुसऱ्या महायुद्धातल्या तोफगोळ्यांच्या दहा लाखांवर पुंगळ्या वितळवल्या, ही गोष्ट सर्नमध्ये आजही कौतुकाने सांगतात.

एवढं सगळं पार करून बाहेर कोण येतं? मुख्यतः म्युऑन. जो बीडच्या स्लॅबला दाद देत नाही तो पितळाला काय देणार! बाहेरच्या थरांत रेघ दिसली की समजायचं, हा म्युऑन असणार. पण इथे एक घोटाळा होऊ शकतो. एखादा जोरकस पायॉन पितळात पुरता न अडता थोडासा बाहेर गळाला, तर ऊर्जेचा हिशेब कमी भरतो आणि म्युऑनची ओळखही गढूळ होते. ही गळती पकडायला चुंबकाच्या वेटोळ्याबाहेर आणखी एक थर लावला, आणि तो कुलाब्याच्या टीआयएफआरने चंदीगडच्या पंजाब विद्यापीठासह भारतात बनवला. त्याचं नाव आउटर हॅड्रॉन कॅलोरीमीटर.

हा थर जवळून पाहण्यासारखा आहे. तो चकाकणाऱ्या प्लास्टिकच्या फरश्यांचा बनलेला आहे, एकेक फरशी एक सेंटिमीटर जाडीची. भारित कण तिच्यातून गेला की प्लास्टिकमध्ये निळसर उजेडाची चमक उठते, इतकी क्षीण की डोळ्याला कधी दिसू नये. फरशीवर वळसेदार खाचा कोरलेल्या आहेत, ग्रीक ‘सिग्मा’ अक्षराच्या घाटाच्या. त्या खाचांत मिलिमीटरभर जाडीचे तंतू बसवलेले. तंतू निळा उजेड शोषतो आणि हिरवा करून आपल्या लांबीने टोकाकडे पोचवतो. तिथे तो मोजला जातो. खाच जरा खडबडीत राहिली, तंतू जरा जास्त वाकला, फरशीभोवतीचं आवरण कुठे उघडं राहिलं, की उजेड हरवतो. हे काम हाताचं आणि चिकाटीचं आहे. एकेक फरशी कोरायची, घासायची, गुंडाळायची, तपासायची. तीसुद्धा एकदा यंत्रात बसली की वर्षानुवर्षं हात लावता येणार नाही या बेताने.

दुसरी वस्तू तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली. सीएमएसच्या दोन्ही टोकांना म्युऑन पकडणाऱ्या चपट्या पेट्यांचा एक जास्तीचा थर २०१३-१४ च्या दुरुस्तीच्या काळात बसवला गेला. त्यातल्या काही पेट्या तुर्भ्याला आणि चंदीगडला जोडल्या आणि तपासल्या. पेटीची रचना ऐकायला सोपी: बॅकेलाइटचे दोन गुळगुळीत पत्रे, मधे दोन मिलिमीटरची फट, फटीत वायू आणि दोन्ही पत्र्यांमध्ये नऊ-दहा हजार व्होल्ट. वायूचा मोठा भाग मोटारीच्या एसीत असतो तोच. म्युऑन फटीतून जाताना वायूच्या अणूंमधले काही इलेक्ट्रॉन सुटे करतो. तीव्र विद्युतक्षेत्रात ते धावतात, आणखी इलेक्ट्रॉन सोडवतात, आणि दोन मिलिमीटर संपेपर्यंत त्यांची संख्या लाखोंनी वाढते. बाहेरच्या तांब्याच्या पट्टीवर त्याचा ठोका उमटतो. म्युऑन नेमका केव्हा गेला हे एक-दोन नॅनोसेकंदांच्या फरकाने कळतं.

पेटी चांगली वठली की नाही हे जिनिव्हाला पाठवण्याआधी कसं तपासायचं? इथे आभाळ पुन्हा उपयोगी येतं. पेट्या एकावर एक रचून ठेवायच्या आणि वाट पाहायची. मुंबईच्या छतातून येणारे म्युऑन ती तपासणी फुकटात करून देतात. जगातल्या बहुतेक डिटेक्टरांची पहिली परीक्षा अशीच होते.

चार कोटींतून हजार

सीएमएसच्या मध्यभागी प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. दरवेळी अनेक धडका होतात, म्हणजे सेकंदाला अब्जाच्या घरात. एवढी माहिती साठवणारं यंत्र जगात नाही. म्हणून बहुतेक सगळी फेकायची असते, आणि ती फेकताना हवं ते हातातून निसटू द्यायचं नसतं. खळ्यावर उफणणी करताना वाऱ्याने भूस उडतं आणि दाणा पायाशी पडतो, तसंच हे काम. फक्त इथे सूप हलवायला सेकंदाचे चार दशलक्षांश भागसुद्धा पुरे मिळत नाहीत, आणि चार कोटी खेपांतून पायाशी पडतात ते हजारएक दाणे. पहिल्या टप्प्यात खास इलेक्ट्रॉनिक परिपथ सेकंदाला एक लाख घटना निवडतात. दुसऱ्या टप्प्यात संगणकांचा ताफा त्यांतून हजाराच्या आसपास ठेवतो. पहिल्या टप्प्यात सर्वांत भरवशाचा इशारा म्युऑनचा असतो, कारण ढिगाऱ्यातून बाहेर पडून तोच थेट दारात येतो. तुर्भ्याच्या पेट्यांचा वेग कामी येतो तो याच क्षणी.

निवडलेली माहितीही इतकी असते, की ती एका ठिकाणी ठेवून भागत नाही. ती जगभरच्या संगणककेंद्रांत वाटलेली आहे. सीएमएससाठी भारतातलं असं केंद्र कुलाब्याला टीआयएफआरमध्ये आहे, तर अ‍ॅलिस या दुसऱ्या डिटेक्टरसाठी कोलकात्याला.

या दाण्यांत एक दाणा अख्ख्या जगाला हवा होता. विश्वभर पसरलेलं एक क्षेत्र आहे, त्याच्याशी जवळीक असेल त्या प्रमाणात मूलकणांना वस्तुमान मिळतं, अशी कल्पना पीटर हिग्ज, फ्रांस्वा अँग्लेर, रॉबर्ट ब्राउट आणि इतर काहींनी १९६४ मध्ये मांडली होती. ते क्षेत्र असेल तर त्याचा कणही असायला हवा. तो लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये एक अब्जाहून जास्त धडकांत एखादा तयार होतो आणि जन्मताच फुटतो. फुटण्याच्या तऱ्हा अनेक; त्यांतली एक फार स्वच्छ. हिग्जमधून दोन झेड कण, आणि प्रत्येक झेडमधून दोन म्युऑन. चार लांब रेघा यंत्राच्या थेट बाहेरच्या थरापर्यंत जाताना दिसतात. चौघांच्या ऊर्जेचा आणि दिशांचा हिशेब मांडला, की त्यांच्या जनकाचं वस्तुमान मिळतं. प्रकाशकणांच्या जोड्या आणि अशा चौकड्या मोजून सीएमएस आणि अ‍ॅटलास या दोन डिटेक्टरांच्या चमूंनी ४ जुलै २०१२ रोजी नव्या कणाची घोषणा केली. वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १३३ पट. पुढच्या वर्षी हिग्ज आणि अँग्लेर यांना नोबेल मिळालं. सीएमएसच्या त्या शोधनिबंधावर भारतातल्या संशोधकांचीही नावं आहेत.

माग इथे संपत नाही. हिग्जचं क्षेत्र वस्तुमान देतं, तर इलेक्ट्रॉनला थोडं आणि त्याच्याच भावाला, म्युऑनला, २०७ पट का? म्युऑनचं वस्तुमान हिग्जच्या क्षेत्रातूनच येतं का, हे आधी तपासायचं तर हिग्ज थेट दोन म्युऑनांत फुटताना दिसला पाहिजे. सिद्धांत सांगतो की साडेचार-पाच हजार हिग्जमधला एखादाच तसा फुटेल. २०२० मध्ये सीएमएसने याचा पहिला पुरावा मांडला, आणि मिळालेलं प्रमाण सिद्धांताशी जुळलं. तुमच्या तळहातातून जाणाऱ्या कणाला वजन कुठून मिळतं, याचं उत्तर आता मोजून सांगता येतं. ते नेमकं तेवढंच का, याचं उत्तर आजही कुणापाशी नाही.

हुजूरपागा ते हिग्ज

यंत्र बांधणाऱ्यांइतकंच काम यंत्रात काय शोधायचं हे सांगणाऱ्यांचं असतं. त्यांत एक ठळक मराठी नाव आहे रोहिणी गोडबोले यांचं. पुण्याच्या हुजूरपागेत शाळा, एस. पी. महाविद्यालयात पदवी, आयआयटी मुंबईत एम.एस्सी. आणि १९७९ मध्ये अमेरिकेतल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठाची पीएच.डी. परदेशात न थांबता त्या परतल्या. टीआयएफआरनंतर मुंबई विद्यापीठात त्यांनी बरीच वर्षं शिकवलं आणि १९९५ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. पुढच्या पिढीच्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन कोलायडरांत झोत एकमेकांजवळ आले की त्यांतून प्रकाशकण सुटतील, आणि ते एकमेकांवर आदळून नको त्या कणांचा गाळ तयार करतील, हे १९९१ च्या सुमारास त्यांनी मॅन्युएल ड्रीस यांच्याबरोबर दाखवून दिलं. हे काम त्यांनी केलं तेव्हा त्या मुंबई विद्यापीठात होत्या. अब्जावधी खर्चाची यंत्रं आखणाऱ्यांना आपली आखणी त्यामुळे पुन्हा तपासावी लागली. विज्ञानातल्या भारतीय स्त्रियांच्या कहाण्यांचं ‘लीलावतीज डॉटर्स’ हे पुस्तक त्यांनी राम रामस्वामी यांच्यासह संपादित केलं. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं.

आज पुण्याची आयसर ही विज्ञानसंस्था सीएमएसमध्ये आहे, आयआयटी मुंबई अ‍ॅलिसमध्ये. टीआयएफआरमध्ये सीएमएसच्या नव्या कॅलोरीमीटरचं काम चालू आहे. कोलायडरचा झोत २०३० च्या सुमारास आणखी दाट होईल, तेव्हा टोकांकडचे जुने थर किरणोत्सर्गाने निकामी होतील. त्यांच्या जागी षट्कोनी सिलिकॉन तुकड्यांचे थर येतील. एकूण सहाशे चौरस मीटर सिलिकॉन आणि सुमारे साठ लाख स्वतंत्र नोंदी. हे षट्कोन जोडणारी केंद्रं जगात मोजकी सहा आहेत, आणि त्यांतलं एक कुलाब्याला.

बीडमधून पुढे

आता प्रश्न बीडच्या एखाद्या मुलाचा किंवा मुलीचा. यात त्यांनी कुठून शिरावं?

पहिली पायरी डोळ्यांनी पाहण्याची. काचेची एक पेटी घ्या, तिच्या छताला आतून जाड फेल्ट चिकटवा आणि ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवा. पेटी काळ्या रंगाच्या धातूच्या पत्र्यावर उपडी ठेवा आणि पत्र्याखाली ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. खोली अंधारी करून बाजूने टॉर्चचा झोत सोडा. दहा-पंधरा मिनिटांत तळाशी धुकं धरतं आणि त्यात पांढऱ्या रेघा उमटू लागतात. आखूड आणि जाड रेघ अल्फा कणाची, नागमोडी आणि बारीक इलेक्ट्रॉनची. लांब, सरळ, सडपातळ रेघ दिसली की तो बहुधा म्युऑन. याला क्लाउड चेंबर म्हणतात, आणि अँडरसन यांनी म्युऑन शोधला तो याच जातीच्या उपकरणात. ड्राय आइस मोठ्या शहरातून थर्मोकोलच्या खोक्यात आणावा लागेल; तो उणे ७८ अंशांचा असतो, तेव्हा जाड हातमोजे आणि उघड्या खिडक्या हव्यातच, आणि अल्कोहोलजवळ काडी ओढायची नाही. सगळा खर्च एका वर्गाच्या सहलीपेक्षा कमी.

दुसरी पायरी आकड्यांची. सीएमएसने २०१४ पासून आपली माहिती टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी खुली केली आहे. दोन म्युऑनांच्या हजारो घटनांची यादी उतरवून घेऊन साध्या लॅपटॉपवर आलेख काढला, तर त्यात जे-साय आणि झेड या कणांची शिखरं उभी राहतात. ज्या कणांच्या शोधासाठी १९७६ आणि १९८४ ची नोबेलं मिळाली, ते कण मराठवाडा विद्यापीठाच्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला एका दुपारी आपल्या हाताने काढता येतात. पायथन ही संगणकभाषा थोडीफार यायला हवी. तीही फुकट आहे.

तिसरी पायरी परीक्षांची. बारावीनंतर आयसरसाठी आयएटी आणि नायसर किंवा मुंबईची सीईबीएस या विज्ञानसंस्थांसाठी नेस्ट. पदवीनंतर टीआयएफआरची प्रवेश परीक्षा आणि जेस्ट. शिकत असतानाच उन्हाळ्यात टीआयएफआर निवडक विद्यार्थ्यांना संशोधनासाठी बोलावते. या परीक्षांची नावं बीडच्या किती शाळांच्या फळ्यावर लिहिलेली असतात? नीट आणि जेईईच्या शेजारी ही चार नावं लिहायला खडूचा एक तुकडा पुरतो.

बीडच्या, अंबाजोगाईच्या, माजलगावच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना एवढीच विनंती: येत्या विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, ज्वालामुखीच्या आणि सौरमालेच्या प्रतिकृतींबरोबर एक क्लाउड चेंबरही टेबलावर मांडा. कण दाखवायला आभाळ तयार आहे. पेटी तेवढी आपण करायची आहे.